अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेचे नियामक मूल्यमापन

अणुवीज केंद्र चालवणारी संस्था परवाना घेताना सुरक्षेची जी हमी देते, ती रोजच्या कामात पाळली जाते का, हे त्या संस्थेबाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून ठरवण्याची पद्धती. भारतात ही जबाबदारी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. अणुऊर्जा कायदा 1962 मधील तरतुदींनुसार 15 नोव्हेंबर 1983 रोजी या मंडळाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथील नियामक भवनात आहे. तमिळनाडूतील कल्पक्कम व कुडनकुलम ही दोन्ही केंद्रे पूर्व किनाऱ्यावर आहेत. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील तारापूर हे एकमेव केंद्र असून मूल्यमापन म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजून घ्यायला त्याच्याइतके बोलके उदाहरण देशात दुसरे नाही.

परवाना एकदाच आणि कायमचा मिळत नाही. जागेची निवड, बांधकाम, चाचण्या, वीजनिर्मिती आणि शेवटी केंद्र मोडीत काढणे अशा प्रत्येक टप्प्यावर मंडळाची वेगळी संमती लागते. चालू केंद्राचा परवाना साधारणपणे पाच वर्षांचा असतो आणि दर दहा वर्षांनी सर्वंकष आढावा घेतला जातो. या आढाव्यात जुन्या केंद्राची तुलना आजच्या मानकांशी करतात. यंत्रांचे वय, भूकंप व पुराविषयी मिळालेली नवी माहिती, इतर देशांतील अपघातांचे धडे हे सारे त्यात येते. हे परीक्षण आधी केंद्राशी निगडित समितीत, मग चालू केंद्रांच्या सुरक्षा आढावा समितीत आणि गरज पडल्यास थेट मंडळापुढे होते. केंद्राचे म्हणणे एका टेबलावर पटले म्हणून काम भागत नाही, ते पुन्हा पुन्हा मांडावे लागते.

रोजच्या तपासणीचा पाया म्हणजे मंडळाने मान्य केलेली ‘तांत्रिक विनिर्देश’ ही नियमावली. अणुभट्टीतील दाब व तापमान कुठल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये, कोणती यंत्रणा किती दिवसांनी चालवून पाहायची, एखादी बंद पडली तर भट्टी किती काळ चालू ठेवता येईल, हे सारे त्यात लिहिलेले असते. आणीबाणीच्या डिझेल जनरेटरचेच पाहा. बाहेरची वीज गेली की तो ठरलेल्या सेकंदांत सुरू होऊन भार उचलायला हवा, म्हणून त्याची नियमित चाचणी होते. तपासणीला आलेला अधिकारी नोंदवहीत ‘उत्तीर्ण’ हा शेरा पाहून पुढे जात नाही. मागच्या चाचण्यांत सुरू होण्याचा वेळ किती होता, तो हळूहळू वाढतोय का, हे तो पाहतो. प्रत्येक आकडा मर्यादेत असतानाही त्यांचा कल बिघाडाकडे असू शकतो, आणि तो कल वेळीच ओळखणे हेच तपासणीचे खरे कौशल्य आहे.

घटना घडली की केंद्राने ठरलेल्या मुदतीत मंडळाला कळवावे लागते. घटनेची तीव्रता 0 ते 7 या आंतरराष्ट्रीय श्रेणीवर मोजतात. चेर्नोबिल व फुकुशिमा सातव्या पायरीवर आहेत. भारतातील सर्वांत गंभीर नोंद नरोरा अणुवीज केंद्राची, तिसऱ्या पायरीची. 31 मार्च 1993 रोजी तेथे टर्बाइनची पाती तुटली, आग लागली आणि केंद्र सुमारे 17 तास संपूर्ण वीजपुरवठ्याविना राहिले. भट्टी सुरक्षित राहिली खरी, पण केबलींची पुरेशी फारकत नसल्यामुळे एकाच आगीने मुख्य व पर्यायी दोन्ही पुरवठे गेले. त्यानंतर टर्बाइनच्या पात्यांची आणि केबलींच्या मांडणीची तपासणी इतर केंद्रांतही करावी लागली. एका केंद्रातील घटनेची किंमत बाकीच्यांनी धडा म्हणून वसूल केली का, हा मूल्यमापनातला स्वतंत्र प्रश्न असतो.

कामगारांना मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा हे आणखी एक माप. कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसीव्हर्ट ही भारतातील मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी ती वर्षाला 1 मिलिसीव्हर्ट. केंद्रांच्या परिसरातील पाणी, माती, दूध, मासे यांचे नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तपासतात. कर्मचाऱ्यांच्या लघवीची नियमित तपासणी किती मोलाची असते, हे नोव्हेंबर 2009 मध्ये कारवारजवळच्या कैगा केंद्रात दिसले. काही कर्मचाऱ्यांच्या नमुन्यांत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले आणि माग काढत गेल्यावर पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरपर्यंत पोहोचता आले.

तारापूरची पहिली दोन युनिटे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या रचनेची, उकळत्या पाण्याच्या प्रकारची आहेत. ती ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. मूळ क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट होती. पुढे ती 160 मेगावॉटवर आणण्यात आली. ही युनिटे नियामक मंडळापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘मूळ रचनेनुसार चालतात का’ एवढे विचारून भागत नव्हते. सन 2000 नंतरच्या आढाव्यात दोन युनिटांना सामाईक असलेल्या यंत्रणा, जुने डिझेल जनरेटर, भूकंपरोधकता आणि नियंत्रण कक्ष निकामी झाल्यास काय, हे मुद्दे पुढे आले. त्यानुसार 2005-06 मध्ये ती बंद ठेवून अधिक क्षमतेचे जनरेटर, युनिटनिहाय वेगळा वीजपुरवठा आणि पूरक नियंत्रण कक्ष अशा सुधारणा करण्यात आल्या. फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीशी साधर्म्य असल्याने 2011 नंतर त्यांची पुन्हा झडती झाली. 2020 पासून ती बंद करून भट्टीतील पाणी फिरवणाऱ्या नळांची बदली हाती घेण्यात आली. वीज निर्माण होत नसतानाचा तो काळ हा मूल्यमापनाचाच परिणाम मानला पाहिजे.

कल्पक्कमची कसोटी वेगळ्या प्रकारची होती. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीचे पाणी पंपघरात शिरले तेव्हा तेथील दुसरे युनिट चालू होते. समुद्राचे पाणी खेचणारे पंप बंद पडले, भट्टी सुरक्षितपणे थांबवण्यात आली आणि मंडळाच्या परवानगीनंतरच 2 जानेवारी 2005 रोजी ती पुन्हा सुरू झाली. आठवडाभराच्या त्या तपासणीपूर्वी भट्टी सुरू करायची नाही, हा अधिकार नियामकाकडे असणे ही या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

आकड्यांवर किती विसंबायचे, याचा वाद जगभर आहे. अमेरिकेच्या नियामक आयोगाने 2000 मध्ये दर्शकांना हिरवा, पांढरा, पिवळा, तांबडा असे रंग देणारी पद्धत आणली. ती सुटसुटीत आहे, नागरिकांनाही समजते. पण ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्र याच पद्धतीत चांगल्या गटात होते, आणि 2002 मध्ये तेथील भट्टीच्या झाकणात बोरिक आम्लाने पडलेली मोठी पोकळी सापडली. सुमारे 16 सेंटिमीटर जाडीचे पोलाद खाल्ले गेले होते. आतील दाब रोखून धरायला फक्त स्टेनलेस स्टीलचा सेंटिमीटरहूनही पातळ थर उरला होता. दर्शक जे मोजतात तेच दाखवतात. झाकणावर साचलेला गंज कोणी जवळून पाहिलाच नाही तर तो कोणत्याही तक्त्यात येत नाही. म्हणून प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.

मूल्यमापन करणाऱ्याचे स्वातंत्र्य हा भारतातील सर्वांत जुना आक्षेप. मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, त्याच्या अध्यक्षपदी अणुऊर्जा विभागाचे सचिवच असत; म्हणजे केंद्रे उभारणारे व त्यांच्यावर देखरेख करणारे शेवटी एकाच ठिकाणी येत. महालेखापरीक्षकांनी 2012 मधील अहवालात मंडळाला वैधानिक दर्जा नसल्यावर बोट ठेवले. स्वतंत्र प्राधिकरणासाठी 2011 मध्ये मांडलेले विधेयक लोकसभेची मुदत संपताच बारगळले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाने 2015 मध्ये हे स्वातंत्र्य कायद्यात नोंदवण्याची आणि केंद्रांवरील तपासण्या वाढवण्याची शिफारस केली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या शांती कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही अणुवीज क्षेत्राचे दार उघडले, त्यामुळे मंडळावरचा भार वाढणार आहे.

मंडळाचे वार्षिक अहवाल सार्वजनिक असतात. तारापूर, कैगा, कल्पक्कम आणि कुडनकुलमच्या परिसरात राहणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत आणि वाचताना आधी हे पाहावे की मागच्या वर्षी सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी किती पूर्ण झाल्या व किती पुढे ढकलल्या गेल्या.