गोंगाटात सापडलेलं गाणं

आमच्या जळगावच्या घरी माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत माझा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट पडून आहे. काळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. आतली निम्मी पानं इकडून तिकडून उचललेली, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण एका पानावरचं चित्र मात्र माझं आहे. निळ्यावर पिवळ्या-केशरी रेघा, आडव्या अक्षावर सेकंद, उभ्या अक्षावर हर्ट्झ. सोळा सेकंदांचं ते चित्र माझ्या आजीच्या आवाजाचं आहे.

प्रोजेक्टचा विषय होता आवाजातून गोंगाट गाळून काढणं. त्यासाठी नमुने हवे होते. आजी शिरपूर तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात राहायची आणि अहिराणीच बोलायची. सुट्टीत गेलो तेव्हा तिच्यापुढे मोबाईल धरला आणि म्हटलं, आखाजीचं एखादं गाणं म्हण. ‘मन्हा आवाज तुले काय कामना रे भाऊ?’ असं म्हणून ती हसली. मग एकामागून एक गाणी म्हणत राहिली. मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, शेजारच्या काकू अंगणातून काहीतरी विचारत होत्या, मधेच आजीला खोकला यायचा. होस्टेलवर परत आल्यावर मी त्यातले सगळ्यात स्वच्छ सोळा सेकंद कापून ठेवले, त्यावर फिल्टर लावला, आणि फोनची मेमरी भरली म्हणून बाकी सगळं उडवलं. दोन वर्षांनी आजी गेली. त्या सोळा सेकंदांची फाइलही एका मेलेल्या हार्ड डिस्कबरोबर गेली. चित्र तेवढं उरलं.

अशा चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. कुठल्या क्षणी कुठला सूर किती जोरात होता, हे त्यात दिसतं. 2021 मध्ये, वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत, लॅपटॉपवर एका लेखात तसंच चित्र दिसलं. खाली लिहिलं होतं की हे लक्षद्वीपजवळच्या निळ्या देवमाशाचं गाणं आहे. काम बाजूला ठेवून मी वाचत सुटलो, तो अजून थांबलेलो नाही. खान्देशातल्या माणसाला समुद्राचं काय, असं मित्र विचारतात. मी सांगतो, आपली तापी शेवटी सुरतेपाशी अरबी समुद्रालाच मिळते ना.

*

आधी थोडं विज्ञान. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे 1500 मीटर. उजेडाचं उलटं. तो काहीशे मीटर खोलीच्या आतच विझतो. म्हणून समुद्रातले सस्तन प्राणी डोळ्यांपेक्षा कानांवर जगतात. डॉल्फिन टकटक असे आवाज सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतात, आणि आपसात शिट्ट्या मारतात. मोठे देवमासे खर्जात गातात. निळ्या देवमाशाचे काही सूर इतके खालचे असतात की आपल्या कानाला ते ऐकूच येत नाहीत, पण पाण्यातून शेकडो किलोमीटर पोचतात.

हे माणसाला कळलं ते बऱ्याच उशिरा आणि तेही आडवाटेनं. 1950 च्या दशकात अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन नावाचा इंजिनिअर अमेरिकी नौदलासाठी पाण्यातले माइक, म्हणजे हायड्रोफोन, सांभाळायचा. नौदलाला ऐकायचे होते स्फोट. पण टेपवर भलतंच काहीतरी यायचं: लांबलचक हंबरणं, कण्हणं, किंचाळणं. नौदलाच्या हिशेबात हा गोंगाट होता. वॉटलिंग्टननं तो पुसला नाही. हे आवाज हंपबॅक देवमाशांचे आहेत हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि शिकाऱ्यांच्या हाती टेपा लागल्या तर ते याच आवाजांच्या मागावर जातील अशी त्याला भीती होती. म्हणून त्यानं त्या जपून ठेवल्या. 1960 च्या दशकाच्या शेवटी त्यानं त्या रॉजर आणि केटी पेन या जोडप्याच्या हाती दिल्या.

पेन आणि त्यांचे सहकारी स्कॉट मॅकव्हे यांनी त्या आवाजांचे स्पेक्ट्रोग्राम काढले. कागदावर पाहिल्यावर जे कानांना नीट कळत नव्हतं ते दिसलं: तोच क्रम काही मिनिटांनी पुन्हा येत होता. म्हणजे हे नुसतं ओरडणं नव्हतं, त्याला बांधणी होती. ऑगस्ट 1971 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, आणि त्यांनी सरळ शब्द वापरला: गाणं. पुढे केटी पेन यांनी दाखवलं की हे गाणं हंगामागणिक बदलत जातं आणि एका भागातले सगळे नर तो बदल उचलतात. 1970 मध्ये या गाण्यांची तबकडी बाजारात आली होती. ती ऐकून लाखो लोकांना पहिल्यांदा वाटलं की ज्याला आपण तेल आणि मांस म्हणून मारतो, तो काहीतरी म्हणतोय. 1982 मध्ये व्यापारी शिकारीवर बंदी घालायचं ठरलं, त्यामागे या तबकडीचाही हात होता.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी गेली, तिच्यातही हे देवमासे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या शुभेच्छांमध्ये त्यांचं गाणं मिसळलंय. त्याच तबकडीवर 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवीही. अरबी समुद्राकाठच्या गोव्यातली गायिका आणि समुद्रातला गवई, दोघंही आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे निघालेत.

*

पण अरबी समुद्रातल्या हंपबॅकची गोष्ट वेगळी आहे, आणि ती गाण्यानं सुरू होत नाही.

जगभरातले हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण समुद्रात विणीला येतात. अरबी समुद्रातले मात्र कुठेच जात नाहीत, बारा महिने इथेच. त्यांचं कुळ सुमारे 70,000 वर्षांपासून इतरांपासून तुटलेलं आहे असं जनुकांवरून दिसतं. हे आपल्याला पहिल्यांदा कळलं ते मेलेल्या देवमाशांवरून. 1965 आणि 1966 मध्ये सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांपुढे 242 हंपबॅक मारले आणि जगाला कळू दिलं नाही. जहाजावरच्या जीवशास्त्रज्ञांनी मात्र खऱ्या नोंदी केल्या: पोटात काय होतं, माद्यांच्या गर्भाची लांबी किती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर युरी मिखालेव यांनी 1997 मध्ये त्या छापल्या. गर्भांच्या लांबीवरून लक्षात आलं की यांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धातला आहे, म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नाहीत. एवढीशी गोष्ट कळायला 242 जीव गेले, आणि ओमानजवळच्या हंपबॅकची पुढे जी मोजदाद झाली, तिचा आकडा 82 च्या आसपास निघाला.

ऐकून शिकण्याची सुरुवात 1980 च्या दशकात झाली. 1979 मध्ये हिंदी महासागर देवमाशांचं अभयारण्य जाहीर झाला होता. त्यानंतर ‘ट्यूलिप’ नावाच्या एका छोट्या शिडाच्या बोटीतून हॅल व्हाइटहेड आणि त्याचे साथीदार या समुद्रात हिंडले. व्हाइटहेडची पीएच.डी. तेव्हा नुकतीच झाली होती. पाण्यात हायड्रोफोन सोडायचा आणि कानाला हेडफोन लावून बसायचं. 1982 मध्ये ओमानजवळ त्यांना हंपबॅक गाताना ऐकू आले.

आपल्या बाजूला ही गाणी टिपायला आणखी पस्तीस वर्षं गेली. मार्च 2017 मध्ये गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रात हंपबॅकचं गाणं आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ओमानमध्ये ‘लुबान’ नावाच्या मादीला उपग्रहाचा टॅग लावला, आणि ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यापुढे आली, खाली भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत फिरली. ओमानचे देवमासे आणि आपले देवमासे वेगळे नव्हतेच.

*

मला जास्त जवळचे वाटले ते माझ्याच वयाच्या आसपासचे अभ्यासक. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर केतकी जोग, मिहिर सुळे, ईशा बोपर्डीकर अशा तरुण मंडळींनी दीपानी सुतारिया यांच्याबरोबर कुबडवाल्या डॉल्फिनचा अभ्यास केला. हा प्राणी किनाऱ्यालगत राहतो, मच्छीमारांच्या रोजच्या बघण्यातला. कुविये या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1829 मध्येच त्याला नाव दिलं होतं, शिशाच्या रंगाचा म्हणून ‘प्लम्बिया’. पण महाराष्ट्रापुढच्या पाण्यात तो कशा शिट्ट्या मारतो, याचं वर्णन आणि वर्गवारी छापून यायला 2018 उजाडलं. त्याच वर्षी या गटाचा दुसरा निबंध आला. त्यात त्यांनी पाण्यात माइक न टाकता मच्छीमारांना प्रश्न विचारले होते. डॉल्फिन कधी दिसतो, कुठे दिसतो, जाळं फाडतो का, त्याच्याबद्दल काय वाटतं. जाळ्याचं नुकसान करणारा म्हणून राग होता, आणि माहितीही भरपूर होती. कुणी विचारली नव्हती इतकंच.

लक्षद्वीपची गोष्टही तशीच. दिव्या पणिक्कर तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठात पीएच.डी. करत होती. 2018 च्या अखेरीपासून 2020 च्या सुरुवातीपर्यंत तिनं कवरत्ती बेटाजवळ पाण्याखाली रेकॉर्डर ठेवले. ते खाली नेऊन बसवायला स्थानिक पाणबुडे आणि मच्छीमार मदतीला होते. देवमासे इथे येतात हे बेटावरच्या लोकांना ठाऊक होतं. रेकॉर्डिंगमध्ये एप्रिल-मेच्या सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर, निळ्या देवमाशाचं गाणं सापडलं. भारताच्या समुद्रात ते गाणं टिपलं जाण्याची ही पहिली वेळ. मी पाहिलेलं चित्र तिच्याच कामाबद्दलच्या लेखातलं होतं. त्याआधी काही महिने, डिसेंबर 2020 मध्ये, साल्व्हातोरे चेर्कियो आणि सहकाऱ्यांनी ओमानपासून मादागास्करच्या बाजूपर्यंत ऐकू येणारं निळ्या देवमाशाचं एक आजवर नोंद नसलेलं गाणं जाहीर केलं होतं. निळ्या देवमाशांत प्रत्येक समूहाचं गाणं वेगळं असतं, म्हणून नवं गाणं म्हणजे कदाचित एक अख्खा समूहच, जो आजवर कुणाच्या हिशेबात नव्हता.

हे वाचताना मला आमच्या जळगावच्या बहिणाबाई आठवल्या. माझ्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, त्याला 2018 पासून त्यांचं नाव आहे. आसोद्यात जन्मल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या आयुष्यभर स्वतःची गाणी म्हणत राहिल्या. ऐकणाऱ्यांना ते घरातल्या इतर आवाजांसारखंच वाटत असणार. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका भावानं ती कागदावर उतरवली म्हणून राहिली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. ती वही नसती तर आज कुणाला सांगूनही पटलं नसतं. खान्देशात अशा वह्या किती घरांत लिहिल्या गेल्या नाहीत, याचा विचार मी टाळतो, कारण त्यातलं एक घर आमचंच आहे.

*

अरबी समुद्रात आता खरा गोंगाट आपला आहे. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आवाज खर्जातला असतो, नेमका देवमाशांच्या गाण्याच्या पट्टीतला. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातली जहाजांची ये-जा काही दिवस घटली, तेव्हा पाण्यातला आवाज 6 डेसिबलनं उतरला. इंजिनिअरच्या भाषेत, ध्वनिदाब निम्म्यावर आला. योगायोगानं त्याच दिवसांत तिथे राइट देवमाशांची विष्ठा गोळा करून संप्रेरकं तपासली जात होती. रोझालिंड रोलँड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलं की त्या शांत दिवसांत त्यांच्यातली ताणाची संप्रेरकं घटली होती. आपण गप्प बसलो तर त्यांना बरं वाटतं, याचा हा एक पुरावा.

फिल्टर लिहिताना पहिला प्रश्न असतो, ठेवायचं काय आणि काढायचं काय. शिकवताना हा प्रश्न गणिताचा म्हणून शिकवतात. नौदलाच्या फिल्टरमध्ये देवमासे उडाले असते. माझ्या फिल्टरमध्ये म्हैस, काकू, आजीचा खोकला आणि तिचं हसणं उडालं. मागे एकदा मी रिपोर्टमधलं ते पान स्कॅन करून त्यातून आवाज परत उभा करायचा प्रयत्न केला. चित्रातून आवाजाचा अंदाज बांधायच्या पद्धती आहेत, पण छापील चित्रात बरंच काही उरलेलं नसतं. स्पीकरमधून पत्र्यावर खडे पडल्यासारखं काहीतरी आलं. कुणाचंही असू शकलं असतं.

यंदा आखाजीला गावी गेलो. आत्या माहेरी आली होती. झोक्यावर बसून ती आणि तिच्या वयाच्या बायका गात होत्या. त्यातली दोन गाणी आजीची होती, पण एका कडव्यावरून आत्या आणि शेजारच्या काकूंचं जुंपलं, कारण दोघींना ते वेगवेगळं आठवत होतं. मी फोन ओट्यावर ठेवून दिला. फाइल 48 मिनिटांची आहे. तिच्यात भांडण आहे, म्हशीची घंटा आहे, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न आहे. तिच्या तीन कॉपी केल्यात, आणि एकीलाही फिल्टर लावलेला नाही.