मनसुबा: शतरंजच्या पटावरून मराठीत

'यंदा विहीर खोदायचा मनसुबा आहे,' असे आमच्या बेलापुरात आजही सहज बोलले जाते. मराठेशाहीच्या पत्रांत हाच शब्द 'मनसबा' होऊन राजकीय मसलतीच्या अर्थाने येतो. मुळात तो अरबी आहे. मन्सूबा म्हणजे उभे केलेले, मांडलेले. शतरंजच्या जाणकारांत मन्सूबा म्हणजे मुद्दाम मांडलेले कोडे: पटावर मोजकी मोहरी, आणि प्रश्न एवढाच की आता जिंकायचे कसे?

भारतातला चतुरंग इराणमार्गे अरबांकडे गेला आणि शतरंज झाला. त्यावर पहिली पुस्तके अरबीत लिहिली गेली. नवव्या शतकात अल-अदलीने लिहिले, दहाव्या शतकात अबू बक्र अस-सूलीने. सूली बगदादच्या अब्बासी दरबारातला नामांकित खेळाडू आणि साहित्यिक. त्याने मांडलेला एक मन्सूबा सुमारे हजार वर्षे कोडेच राहिला. त्या काळी वजीर एका वेळी तिरपे एकच घर चाले, म्हणून डाव लांबत आणि हिशेब दूरवरचा करावा लागे. त्याची उकल अखेर 1980 च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर युरी आव्हरबाख यांनी मांडली. कूफ्याचे ताबिई सईद बिन जुबैर पटाकडे पाठ करून खेळत, असेही जुने ग्रंथ सांगतात.

मग आपल्या घरांत पटाकडे संशयाने का पाहिले जाते? कारण जुगार. सूरह माइदाच्या 90व्या आयतीत जुगाराला सक्त मनाई आहे, त्याबद्दल दुमत नाही. शतरंजबद्दल मात्र फुकहांत मतभेद आहेत. हनफी मत कडक आहे. शाफई मतात पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर हराम म्हटलेले नाही, पण पसंतही केलेले नाही. आपल्या महाराष्ट्रात देशावर बहुतेक हनफी आणि कोकणात शाफई, त्यामुळे एकाच राज्यात दोन्ही मते नांदतात. बेलापुरात माझ्या लहानपणी जमिनीवर कोळशाने रेघा ओढून वाघबकरी खेळलो, तरी 'जुगारी व्हाल' असे ऐकावे लागे. वाघबकरीत कवडीचीही पैज नसे. जुगाराची भीती रास्त होती, पण तिच्यासोबत डोके चालवण्याची सवयही हद्दपार झाली.

तिची किंमत म्हातारपणी कळते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील 75 वर्षांवरील 469 जणांची पाहणी 2003 साली प्रसिद्ध झाली. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. यावरून खेळ हे औषध आहे असे सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत, तेच जास्त खेळत असतील, अशीही शक्यता आहे. दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगात, ज्या कौशल्याचा सराव दिला तेच प्रामुख्याने सुधारले. म्हणजे रोज एकच कोडे घोटण्यापेक्षा नवे शिकत राहणे बरे.

शतरंजबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण वर्तमानपत्रातले शब्दकोडे, सुडोकू, नातवंडांना घालायचे उखाणे यांत ना पैज आहे, ना फासे. आमच्याकडे असरनंतर ओट्यावर बसणारे बुजुर्ग हल्ली प्रत्येकी आपापल्या मोबाईलमध्ये असतात. शेजारी बसूनही बोलणे नाही. मन्सूबा मांडायला एक माणूस लागतो आणि सोडवायला दुसरा. त्या ओट्यावर रोज एक कोडे ठेवले, तर निदान चार माणसे एकमेकांकडे पाहून विचार करतील. यंदा माझा मनसुबा तेवढाच आहे.