डोंगरातली काळोखी गाणी

कंट्री संगीत म्हटलं की आपल्याला काउबॉयची टोपी, गिटार आणि गोडसर विरहगीतं आठवतात. पण याच संगीताला एक काळोखी बाजू आहे आणि तिचे चाहते जगभर आहेत. १९९० च्या दशकात ‘गॉथिक कंट्री’ असं तिचं नाव रूढ होऊ लागलं. डेन्व्हरचा ‘सिक्स्टीन हॉर्सपॉवर’ हा त्यातला ठळक बँड. त्याचा गायक डेव्हिड यूजीन एडवर्ड्स हा धर्मोपदेशकाचा नातू. बँजोच्या साथीनं तो पाप आणि शिक्षेविषयी गाऊ लागला, की अंगावर काटा येतो.

श्रोतेहो, हा काळोख मात्र नवा नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांनी आपली कथागीतं अ‍ॅपलाचियन डोंगरांत आणली. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प तिथं हिंडले, तेव्हा ती गाणी लोकांच्या तोंडी जिवंत होती. त्यांत खून, फाशी, नदीत सापडलेली प्रेतं यांची रेलचेल. ‘नॉक्सव्हिल गर्ल’ हे गाणं तर मुळात इंग्लंडमधल्या खुनाचं. अमेरिकेत येऊन फक्त गाव बदललं!

काही गाणी तिथल्याच मातीतली. टॉम डुला हा यादवी युद्धातून परतलेला सैनिक. १८६६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात लॉरा फॉस्टर या तरुणीचा खून झाला आणि त्याबद्दल १ मे १८६८ रोजी टॉमला फाशी दिलं गेलं. तिकडच्या बोलीत ‘डुला’चा उच्चार ‘डूली’. १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओनं ‘टॉम डूली’ गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. साऱ्या देशाला टॉमची कीव आली. लॉराचं नाव मात्र त्या गाण्यात येतच नाही.

पुढं नॅशव्हिलनं व्हायोलिनचे ताफे आणि कोरस वापरून कंट्री संगीत गुळगुळीत केलं. १९९४ मध्ये जॉनी कॅशनं निव्वळ गिटार घेऊन ‘डेलियाज गॉन’ गायलं, तेव्हा जुना खरखरीतपणा परत आला. त्यामागची खरी डेलिया ग्रीन १९०० च्या नाताळात सव्हाना शहरात मारली गेली. वय वर्षं चौदा.

मग हे ऐकावंसं का वाटतं? मला वाटतं, ही गाणी खोटा दिलासा देत नाहीत म्हणून. मृत्यू, अपराध, पश्चात्ताप यांविषयी ती शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तशी सांगतात. पण बोलतो बहुतेक वेळा मारणारा. मेलेली बाई गप्पच. हे खटकायला हवं, आणि काही कलावंतांना ते खटकलंही. गिलियन वेल्चनं १९९८ मध्ये ‘केलेब मेयर’ गायलं. त्यात घरात एकट्या असलेल्या बाईवर पुरुष चाल करून येतो. चाल तीच, डोंगर तेच. पण इथं हाती लागलेल्या फुटक्या बाटलीनं ती त्याचा गळा चिरते आणि हकिकत स्वतः सांगते. तिला नावही आहे : नेली केन.