सुईचे नेढे आणि तारणाचा हिशेब

मराठीत ‘तारण’ हा शब्द दोन अगदी भिन्न ठिकाणी ऐकू येतो. सावकाराच्या पेढीवर दागिना किंवा जमीन तारण ठेवली जाते. आणि ख्रिस्ती मंदिरात आत्म्याचे तारण व्हावे म्हणून प्रार्थना केली जाते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने हा शब्द स्वीकारला तो ‘तारणे’ या क्रियापदावरून. पेढीवरील अर्थ त्या वेळी अनुवादकांच्या मनात असेलच असे नाही. तरीही हा योगायोग अर्थपूर्ण आहे. येशूच्या बोलीत, म्हणजे अरेमाइक भाषेत, पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत पापांऐवजी ऋणांची माफी मागितली आहे, आणि मराठी भाषांतरानेही तेथे ‘ऋण’ हाच शब्द राखला आहे. लॅटिन धर्मशास्त्राने मुक्तीसाठी जो शब्द रूढ केला त्याचा मूळ अर्थ तर दाम मोजून सोडवून आणणे असाच होता. ज्या धर्माने मोक्षाची भाषाच देण्याघेण्याच्या व्यवहारातून उचलली, त्याला प्रत्यक्ष धनाचे काय करावे हा प्रश्न पहिल्यापासून छळत राहिला यात नवल नाही.

या प्रश्नाचे मूळ एका छोट्या प्रसंगात आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो सांगितला आहे. एक श्रीमंत मनुष्य येशूकडे येतो आणि सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी काय करावे, असे विचारतो. आज्ञा तर तो लहानपणापासून पाळत आला आहे. असेल नसेल ते विकून गरिबांना वाटून टाक आणि माझ्यामागे ये, असे येशू त्याला सांगतो. तो खिन्न होऊन निघून जातो. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत येशू शिष्यांना उंट आणि सुईचे नेढे यांचा दाखला देतो. शिष्य थक्क होतात. मग कोणाचाच निभाव लागणार नाही, अशी भीती त्यांना वाटते. यावर, माणसाला जे अशक्य ते देवाला शक्य आहे, असे उत्तर मिळते.

दाखल्याचा अर्थ उघड होता. अडचण उघडपणाचीच होती. म्हणूनच पुढील शतकांत तो सौम्य करण्याचे अनेक प्रयत्न झाले. ग्रीक भाषेत उंट आणि जाड दोर यांचे शब्द एका अक्षराच्या फरकाने भिन्न होतात. तेव्हा मूळ शब्द दोराचा असावा, असे काहींनी सुचविले. जेरुसलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता आणि उंट ओझे उतरवून गुडघे टेकून त्यातून जाऊ शकत असे, अशीही एक कथा मध्ययुगापासून प्रचारात आली. अशा दरवाजाचा कोणताही पुरावा नाही. उलट, ज्यूंच्या तल्मूदमध्ये अशक्यतेचे उदाहरण म्हणून सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आढळतो, आणि कुराणातही उंटाची हीच प्रतिमा आहे. प्रतिमा अशक्यतेचीच होती. नेढे रुंद करण्याची किंवा उंट बारीक करण्याची ही धडपड ख्रिस्ती समाजाच्या बदलत्या सामाजिक स्थितीची साक्ष देते.

पहिल्या पिढ्यांतील ख्रिस्ती मंडळ्या बहुतांशी सामान्यजनांच्या होत्या. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियासारख्या व्यापारी महानगरात सधन माणसेही या पंथात येऊ लागली, आणि श्रीमंताचे तारण होईल का, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा झाला. क्लेमेंट या विद्वान आचार्याने नेमक्या याच प्रश्नावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्याचा युक्तिवाद असा, की धन हे स्वभावतः ना चांगले ना वाईट. ते एक साधन आहे. त्याग करावयाचा तो आसक्तीचा. सर्वांनीच सर्वस्व टाकून दिले, तर भुकेल्यांना अन्न कोण देणार? क्लेमेंटच्या या भूमिकेत समंजसपणा आहे आणि मानसशास्त्रीय सूक्ष्मताही. गरिबाच्या मनातही धनाची लालसा असू शकते, हे त्याने अचूक हेरले. परंतु या अर्थान्तरामुळे बाह्य कृतीची जागा आंतरिक वृत्तीने घेतली, आणि वृत्तीचा हिशेब कोणालाच तपासता येत नाही.

त्यापूर्वीच रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात एक वेगळा दाखला आहे. द्राक्षवेल फलदायी असते, पण तिला आधार लागतो. एल्म वृक्षाला फळ येत नाही, पण तो वेलीला उचलून धरतो. गरीब हा प्रार्थनेने समृद्ध असलेला वेल आणि श्रीमंत हा त्याचा आधारवृक्ष. श्रीमंताने द्यावे, गरिबाने त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि दोघांनीही तरावे. दाखला हृद्य आहे. मात्र या हृद्य व्यवस्थेत गरिबाने गरीबच राहणे आवश्यक आहे, ही गोष्ट त्यात अलगद लपून जाते.

सर्वांनीच क्लेमेंटचा मार्ग धरला नाही. इ. स. २७०च्या सुमारास इजिप्तमधील अँटनी नावाच्या एका सुखवस्तू तरुणाने चर्चमध्ये हाच उतारा ऐकला आणि तो शब्दशः घेतला. वडिलोपार्जित जमीन त्याने गावकऱ्यांना देऊन टाकली, धाकट्या बहिणीला विश्वासू व्रतस्थ स्त्रियांच्या हाती सोपविले आणि तो एकांतवासाकडे वळला. अथनेशियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्रामुळे संन्यस्त जीवनाचा आदर्श सर्वत्र पसरला. अशा रीतीने चर्चमध्ये दोन वाटा पडल्या : मोजक्यांसाठी सर्वस्वत्याग, बहुसंख्यांसाठी दानधर्म.

चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाल्यावर या दानधर्मालाही धार चढली. ३६८-६९च्या दुष्काळात कॅपाडोशियातील बेसिलने कोठारे भरून ठेवणाऱ्यांवर घणाघाती प्रवचने केली. शिलकीतले अन्नवस्त्र हे मुळात गरजवंताचेच आहे, ही त्यांतील भूमिका. तो स्वतः जमीनदार घराण्यातला होता. त्याने सिझरियाजवळ रुग्ण आणि निराश्रितांसाठी मोठी वसाहत उभारली. अँटिओकचा क्रिसोस्टोम याच मार्गाने आणखी पुढे गेला : आपली संपत्ती गरिबांना न देणे हीच चोरी. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठावर आल्यावर राजधानीतील ऐश्वर्याशी त्याचा संघर्ष अटळ होता. इतर वैरांचीही त्यात भर पडली. त्याला दोनदा हद्दपार करण्यात आले आणि ४०७ मध्ये हद्दपारीच्या वाटेवरच त्याचा अंत झाला.

या वादाचा सर्वांत निर्णायक क्षण मात्र पश्चिमेकडे, पाचव्या शतकाच्या आरंभी आला. पेलेजियसच्या अनुयायांपैकी एका अज्ञात लेखकाने धनावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. दान किती करावे हा त्याचा विषयच नव्हता. थोड्यांकडे अति असल्यामुळेच पुष्कळांकडे काही नाही. श्रीमंत नाहीसा करा, म्हणजे गरीब शोधूनही सापडणार नाही, असा त्याचा रोख होता. दारिद्र्याचे कारण संपत्तीच्या वाटपात शोधणारा हा विचार त्या काळाच्या मानाने विलक्षण होता. सिसिलीत अशी शिकवण पसरत असल्याचे हिलरी नावाच्या गृहस्थाने ऑगस्टीनला कळविले. ४१४च्या सुमारास त्याला दिलेल्या दीर्घ उत्तरात ऑगस्टीनने धनवंतांची बाजू सावरली. दरिद्री लाजरस मरणोत्तर विसावला तो श्रीमंत अब्राहामाच्या उराशी, हा त्याचा आवडता दाखला होता. त्याच्या मते अडसर धनाचा नसून गर्वाचा आहे.

ऑगस्टीनच्या भूमिकेमागे संस्थात्मक अनुभवही होता. मेलानिया आणि पिनियानस हे अफाट मालमत्ता असलेले रोमन दांपत्य सर्वस्व विकून उत्तर आफ्रिकेत आले, तेव्हा ऑगस्टीनसह तेथील बिशपांनी त्यांना व्यवहारी सल्ला दिला : रोख रक्कम लवकर संपते, तेव्हा मठांना घर आणि कायमचे उत्पन्न द्यावे. सल्ला शहाणपणाचा होता. परंतु त्याच क्षणी सर्वस्वत्यागाचे रूपांतर देणगीनिधीत झाले. ४१८ मध्ये पेलेजियसचा पंथ पाखंड ठरला, तो कृपेच्या आणि मूळ पापाच्या प्रश्नावर. त्याच्या धिक्काराबरोबर धनाविषयीचा तो मूलगामी प्रश्नही शतकानुशतके बाजूला पडला.

मध्ययुगात चर्च स्वतःच युरोपातील एक मोठा जमीनदार झाले. व्यापार वाढला, व्याजाचा धंदा वाढला आणि पापाची भीतीही वाढली. १२७४च्या लियों परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारले. पादुआ येथे एन्रिको स्क्रोवेन्यी या धनिकाने बांधलेल्या चॅपेलमध्ये जोत्तोने आपली अजरामर भित्तिचित्रे रंगविली. याच एन्रिकोच्या पित्याला दान्तेने नरकात व्याजखोरांमध्ये बसविले आहे. कलेच्या इतिहासाने या भीतीचे ऋण मान्य करावयास हवे.

या पार्श्वभूमीवर कापडव्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस असिसीच्या बिशपासमोर अंगावरचे कपडेही बापाला परत करतो, ही घटना केवळ भावनिक राहत नाही. त्याच्या अनुयायांनी दारिद्र्य हे व्यक्तीचेच नव्हे, तर संघाचेही व्रत मानले. पण संघ वाढला, मठ उभे राहिले. मग तोड निघाली : मालकी पोपची, भिक्षूंचा केवळ वापर. पोप बाविसाव्या जॉनने १३२२ मध्ये या युक्तीवर बोट ठेवले. खाल्लेल्या भाकरीचा वापर आणि तिची मालकी वेगळी कशी करणार? पुढच्याच वर्षी, ख्रिस्ताजवळ आणि त्याच्या शिष्यांजवळ स्वतंत्रपणे वा सामाईक असे काहीच नव्हते असे आग्रहाने म्हणणे पाखंड ठरविण्यात आले. त्यापूर्वी १३१८ मध्ये मार्सेय येथे चार फ्रान्सिस्कन भिक्षूंना जाळण्यात आले होते. तोकडी वस्त्रे आणि रिकामी कोठारे यांचा हट्ट सोडून पोपची आज्ञा पाळणे त्यांनी नाकारले होते. दारिद्र्याच्या आग्रहासाठी माणसे जाळली जावीत, आणि तीही ज्याला डोके टेकावयास जागा नव्हती त्याच्या नावाने, हा इतिहासाचा क्रूर विरोधाभास होय.

१५१७ मध्ये लूथरचा कोप झाला तो पापक्षमापत्रांवर. माइन्झचे पद मिळविण्यासाठी आल्ब्रेख्टने फुग्गर पेढीकडून कर्ज काढले होते, आणि क्षमापत्रांच्या विक्रीतील अर्धा वाटा ते फेडण्याकडे जात होता. येथे ‘तारण’ शब्दाचे दोन्ही अर्थ खरोखरच एका वहीत आले. लूथरने ही वही फाडली. तारण ही देवाची कृपा आहे. ती विकत मिळत नाही आणि कमावताही येत नाही. मात्र याचा एक दूरगामी परिणाम झाला. दान हे मोक्षाचे साधन राहिले नाही, तेव्हा दारातील भिकाऱ्याचे पावित्र्यही गेले. विटेनबर्ग आणि लाइसनिग येथे १५२२-२३ मध्ये गरिबांसाठी सार्वजनिक निधी स्थापन झाले आणि भीक मागण्यावर बंदी आली. गरिबाची प्रार्थना निरुपयोगी ठरली. पण त्याची गरज प्रथमच नगराची जबाबदारी झाली. काय गमावले आणि काय मिळविले, हे ठरविणे सोपे नाही.

अठराव्या शतकात जॉन वेस्लीने आपल्या मेथडिस्ट अनुयायांना तीन नियम दिले : सचोटीने शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा, शक्य तितके द्या. आयुष्याच्या अखेरीस त्याने खंत व्यक्त केली, की पहिले दोन नियम लोकांनी उत्साहाने पाळले, तिसरा विसरले. भक्तीतून उद्योग, काटकसरीतून संपत्ती, संपत्तीतून गर्व, आणि गर्वातून भक्तीचा ऱ्हास हे चक्र त्याने स्पष्ट पाहिले होते. माक्स वेबरने भांडवलशाहीच्या मानसिकतेचा शोध घेताना वेस्लीच्या याच निरीक्षणाचा आधार घेतला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात १९६८ची मेडेयिन येथील बिशपांची परिषद आणि १९७१ मधील गुस्ताव्हो गुतियेरेझ यांचा मुक्तिधर्मशास्त्रावरील ग्रंथ यांनी दारिद्र्याचे कारण पुन्हा समाजरचनेत शोधले. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात लेखकाचा प्रश्न जणू परत आला.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि दीर्घकाळ मिशनच्या सेवेत होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना होती. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ उभारला. हा त्याग एकट्याचा नसतो. अशा विरक्तीची किंमत संसाराला कशी मोजावी लागते, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचावयास मिळते. अँटनीच्या धाकट्या बहिणीने असे काही लिहून ठेवले असते तर, असा विचार तेथे मनात आल्यावाचून राहत नाही.

परंपरा सांगते, की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. या कृतीत दात्याच्या मोक्षाबरोबर ऋणकोचीही सुटका होती. ख्रिस्ती विचारपरंपरेने शतकानुशतके श्रीमंत कसा तरेल, याचा खल केला. गरिबाचे काय, हा प्रश्न पुष्कळदा त्या खलाच्या कडेलाच उभा राहिला. क्लेमेंट, ऑगस्टीन, वेस्ली यांच्यासारख्यांनी नेढे थोडे रुंद करून पाहिले. अँटनी आणि फ्रान्सिस यांनी ते पुन्हा मूळ मापाचे केले. खिन्न होऊन निघून गेलेल्या त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मात्र तिन्ही शुभवर्तमानकारांनी सांगितलेले नाही.