स्वस्त यांत्रिक करवत : मालकांच्या तक्रारींतून दिसणारा दोनशे वर्षांचा इतिहास

20 मे 2020 च्या संध्याकाळी ‘अम्फान’ चक्रीवादळ कोलकात्यावरून गेले. शहराच्या उत्तरेला असलेल्या डमडम येथे वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 130 किलोमीटर नोंदला गेला. विमानतळावर पाणी भरले आणि शहरात हजारो झाडे उन्मळून पडली. झाडांबरोबर विजेच्या तारा आल्या आणि तारांबरोबर पाण्याचे पंपही बंद पडले. रस्ता मोकळा झाल्याशिवाय वीज नाही आणि बुंधा कापल्याशिवाय रस्ता नाही, अशी साखळी तयार झाली. ठिकठिकाणी नागरिक वीज आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. 23 मे रोजी राज्य सरकारने लष्कराला पाचारण केले. ओडिशाने आपली आपत्ती निवारण पथके झाडे कापण्याच्या साधनांसह पाठवली. 1999 च्या महाचक्रीवादळाने त्या राज्याला शिकवलेला धडा आता शेजाऱ्याच्या कामी येत होता.

त्या दिवसांत एका यंत्राची किंमत सर्वांना कळली. कुऱ्हाडीने आणि हातकरवतीने ज्या बुंध्याला अर्धा दिवस लागे, तो यांत्रिक करवतीने काही मिनिटांत कापला जात होता. पंधराच दिवसांनी, 3 जून रोजी, ‘निसर्ग’ वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा कोकणालाही हाच अनुभव आला. सरकारी पथकाची वाट पाहण्यापेक्षा घरात स्वतःची करवत का असू नये, हा प्रश्न अशा प्रसंगातूनच जन्माला येतो. त्याचे उत्तर बाजारात तयार आहे. ‘वूड कटर’ या नावाने विकली जाणारी, बहुधा 58 घनसेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाची करवत आज काही हजार रुपयांत मिळते.

अशी करवत घेतलेल्यांची मते ऐकली, तर त्यांत एक ठरावीक क्रम आढळतो. पहिल्या दिवशी कौतुक असते. पुढे पहिली तक्रार येते, यंत्र सुरूच होत नाही. मग दुसरी, साखळी कापत नाही, नुसता धूर निघतो. मग तिसरी, तासाभरात हाताला मुंग्या येतात. या तिन्ही तक्रारी नव्या नाहीत. करवतीच्या इतिहासात अभियंत्यांना एकामागून एक याच अडचणींशी झुंजावे लागले आहे. चौथी तक्रार मात्र क्वचितच ऐकू येते, आणि सर्वांत गंभीर तीच आहे.

या इतिहासाचा प्रारंभ जंगलात झाला नाही, शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या वैद्यांनी दातेरी कड्यांची एक बारीक साखळी वापरात आणली. तिच्या दोन टोकांना मुठी असत आणि ती हाताने मागे-पुढे ओढली जाई. अडलेल्या बाळंतपणात जघनास्थीचा सांधा मोकळा करणे आणि रोगट हाड काढून टाकणे, हे तिचे उपयोग. भूल देण्याची विद्या अवगत होण्यास तेव्हा अर्ध्या शतकाहून अधिक काळ बाकी होता. रुग्णाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेचा प्रत्येक क्षण मोजून काढावा लागे. 1830 च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने ‘ऑस्टिओटोम’ हे उपकरण बनवले. त्यात एका पात्याच्या कडेने अखंड दातेरी साखळी फिरे आणि ती हाताच्या दांड्याने फिरवली जाई. आजच्या करवतीचा आराखडा येथे प्रथम दिसतो. ‘करवतीचा शोध बाळंतपणासाठी लागला’ असे जे वाक्य समाजमाध्यमांवर फिरते, त्यात ही दोन उपकरणे एकत्र मिसळलेली असतात. बाळंतपणात वापरली गेली ती हाताने ओढायची साखळी. हाइनेचे यंत्र हाडांच्या शस्त्रक्रियेचे होते.

लाकडासाठी अखंड साखळीचे पेटंट सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यांना 1905 मध्ये मिळाले. त्यांच्यासमोर कॅलिफोर्नियाचे महाकाय रेडवूड वृक्ष होते. त्यानंतरची वीस वर्षे अडली ती ताकदीपाशी. 1926 मध्ये आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत विजेवर चालणारी करवत बनवली. पण जंगलात वीज कोठून आणायची? 1927 मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत दाखवली आणि 1929 मध्ये श्टील यांचेही पेट्रोल यंत्र आले. ही यंत्रे पन्नास किलोच्या आसपास वजनाची होती आणि ती चालवायला दोन माणसे लागत. घरगुती मालक हा शब्दच त्या काळात निरर्थक ठरला असता.

यंत्र एका माणसाच्या हातात यायचे, तर इंजिन हलके हवे आणि ते आडवे-उभे कसेही धरले तरी चालले पाहिजे. येथेच आजच्या पहिल्या तक्रारीचे मूळ आहे. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक लहानशी वाटी आणि तिच्यातील पातळी राखणारा तरंगता गोळा असे. यंत्र कलंडले की पातळी बिघडे आणि इंजिन बंद पडे. म्हणून सुरुवातीच्या काही करवतींत इंजिन उभेच ठेवून केवळ पाते आडवे फिरवण्याची सोय करावी लागली. वाटीच्या जागी लवचीक पडद्यावर चालणारा कार्ब्युरेटर आला आणि ही अडचण संपली. 1949 मध्ये अमेरिकेतील मॅककुलक कंपनीने सुमारे अकरा किलोची, एका माणसाने चालवायची करवत आणली. 1959 मधील श्टीलची ‘कॉन्ट्रा’ साधारण बारा किलोची होती आणि तिची ताकद बरीच अधिक होती. 1960 च्या दशकात वजन आणखी उतरले आणि करवत लाकूडतोड्यांच्या तळावरून घराच्या परसात पोहोचली.

तो लवचीक पडदा आजही प्रत्येक स्वस्त पेट्रोल करवतीत आहे. वादळ सरल्यावर मालक ती टाकीतल्या पेट्रोलसह कोपऱ्यात ठेवून देतो. महिन्यांमागून महिने जातात, पेट्रोल शिळे होते, त्यातील इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि पडदा ताठरतो. पुढच्या पावसाळ्यात दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तरी इंजिन बोलत नाही. या इंजिनाला पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात तेल मिसळून द्यावे लागते, हे न समजल्यामुळे कोरड्या पेट्रोलवर पिस्टन जाम झालेली यंत्रेही दुरुस्तीला येतात. यंत्र खराब निघाले, असा निर्णय त्यानंतर दिला जातो. तो कधी खराही असतो. कारण किंमत उतरवताना कारखाना ज्या भागांवर काटकसर करतो, त्यांत हे रबरी पडदे आणि नळ्या येतात. तथापि पुष्कळदा दोष टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो.

दुसरी तक्रार साखळीची. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीच्या दातांसारखेच होते. ते लाकूड ओरबाडत आणि त्यांना धार लावण्यात कामाचा मोठा वेळ जाई. 1946 मध्ये ओरेगॉनमधील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला ओंडक्यात भुंग्याची एक अळी दिसली. ती आपल्या वळणदार जबड्यांनी आलटून पालटून डावीकडे व उजवीकडे लाकूड कापत, उभे-आडवे तंतू न जुमानता पुढे सरकत होती. कॉक्स यांनी त्या जबड्याचा आकार पोलादात उतरवला आणि 1947 मध्ये पोर्टलंड येथे साखळी बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे, प्रत्येकाला बाकदार धार आणि धारेपुढे कापाची खोली ठरवणारा लहानसा उंचवटा, ही रचना आजच्या जवळजवळ सर्व साखळ्यांत आहे.

या दाताचा एक गुण मालकाला फार उपयोगी पडतो, कारण दात आपली अवस्था स्वतःच सांगतो. धार असेल तर करवतीतून लाकडाचे कपटे उडतात. धार गेली की बारीक भुसा पडू लागतो. भुसा दिसताच थांबून गोल कानस हाती घ्यावी, हा नियम. परंतु नवा मालक भुसा पाहून अधिक जोर लावतो. साखळी तापते, सैल होते, पाते काळवंडते आणि धूर निघू लागतो. वादळात पडलेल्या झाडाच्या सालीत माती आणि वाळू भरलेली असते; क्षणभर जमिनीला टेकलेली साखळीसुद्धा बोथट होते. अशा वेळी करवतीचा मोठा सिलिंडर काहीच करू शकत नाही. खोक्यावरचा 58 हा आकडा सिलिंडरचे आकारमान सांगतो, धार किंवा दर्जा सांगत नाही.

तिसरी तक्रार हाताच्या मुंग्यांची. 1960 च्या दशकात ब्रिटन, जपान आणि उत्तर युरोपातील वनकामगारांची बोटे थंडीत पांढरी आणि बधिर पडू लागली. करवतीच्या कंपनांनी बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना इजा होत होती. या व्याधीला ‘पांढऱ्या बोटांचा विकार’ असे नाव पडले आणि त्यानंतर मुठी व इंजिन यांच्यामध्ये रबर अथवा स्प्रिंग बसवण्याची पद्धत रूढ झाली. वर्षातून चार दिवस करवत चालवणाऱ्याला तो विकार होण्याचा धोका कमी. पण कडक मुठीची स्वस्त करवत दिवसभर भाड्याने चालवणारा मजूर आज त्या जुन्या कामगारांच्याच जागी उभा असतो.

आता जी तक्रार ऐकू येत नाही, ती. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कोठे अडकला, तर साखळीची ती सारी गती पात्यालाच वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या मानेकडे आणि चेहऱ्याकडे फेकते. ही उसळी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या वेळात घडू शकते. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून सावधपणा येथे अपुरा पडतो. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी आलेल्या साखळी-ब्रेकने उसळीच्या धक्क्यासरशी साखळी थांबवण्याचे काम यंत्राकडेच सोपवले. कित्येक वर्षे बिघडलेला ब्रेक मालकाच्या ध्यानातही येत नाही, कारण त्यावाचून लाकूड कापले जातेच. कार्ब्युरेटर रुसला तर तो रोज कळतो. ब्रेकचा दोष एकदाच कळतो.

पडलेले झाड हा धोका वाढवते. वाकून अडकलेल्या फांदीची एक बाजू ताणलेली आणि दुसरी दाबलेली असते. दाबलेल्या बाजूने काप घेतला की पाते चिमटले जाते. ताणलेल्या बाजूने घेतला की फांदी धनुष्यासारखी सुटते. मुळांसकट उपटलेला बुंधा कापला, तर मुळांचा गड्डा अकस्मात आपल्या खड्ड्यात परत उभा राहू शकतो. डमडमच्या गल्लीत शिवाय विजेच्या तारा फांद्यांत गुंतलेल्या होत्या. प्रशिक्षित पथके झाडाभोवती फिरून, ताण कोठे आहे ते पाहून मगच करवत सुरू करतात. हे ज्ञान यंत्राच्या खोक्यात येत नाही.

म्हणून स्वस्त घरगुती करवतीबद्दल न्याय्य मत असे देता येईल. मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या फांद्या, आडवी झालेली पोफळ, सरपणाचे ओंडके, एवढ्या कामाला ती पुरते. मात्र ब्रेक तपासलेला हवा, कानस जवळ हवी, डोळ्यांवर व पायांवर संरक्षण हवे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करायला हवी. ताणलेला मोठा बुंधा तिच्या मालकाने दुसऱ्यासाठी सोडावा.

यापलीकडे एक प्रश्न उरतो आणि त्याचा पत्ताही डमडमचाच आहे. कोलकात्याहून बांगलादेशच्या सीमेकडे जाणारा जेसोर रस्ता डमडममधून जातो. बारासातच्या पुढे त्याच्या दोन्ही कडांना शंभरीहून जुने अनेक वृक्ष उभे आहेत. पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी त्यांतील 356 झाडे तोडावीत की नाही, यावर वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा चालला. 2018 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रोखून तज्ज्ञांची समिती नेमली आणि अखेर फेब्रुवारी 2023 मध्ये तोड मान्य केली. निर्णयाच्या बाजूने रेल्वे फाटकांवरचा खोळंबा आणि अपघात होते; विरुद्ध बाजूने शतकाची सावली होती.

हा वाद पाच वर्षे चालू शकला, कारण झाडाला हात लावण्याआधी विचारावे लागते. पश्चिम बंगालमध्ये वनक्षेत्राबाहेरील झाडांसाठी 2006 चा कायदा आहे, महाराष्ट्रातील शहरांसाठी 1975 चा. फिलिपिन्सने 2002 मध्ये आणखी पुढे जाऊन खुद्द यांत्रिक करवतीच्या मालकीसाठीच नोंदणी सक्तीची केली. पूर्वी मोठे झाड तोडायला माणसे जमवावी लागत, दिवस मोडावा लागे. त्या वेळात कोणी येऊन ‘थांबा’ म्हणू शके. काही हजारांच्या करवतीने तो वेळ काही मिनिटांवर आणला आहे. वादळानंतरच्या सकाळी हीच मिनिटे रुग्णवाहिकेला वाट करून देतात. उभ्या झाडापुढे मात्र त्या मिनिटांच्या आधी परवानगीचा अर्ज, पंचनामा आणि शेजाऱ्यांचे मत यांना जागा ठेवावी लागते.