पानगळीचे टेबल

अमेरिका व कॅनडा येथे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत घरगुती जेवणासाठी मांडले जाणारे, परसातल्या पानाफळांनी सजवलेले टेबल. थँक्सगिव्हिंगचा सण हा त्याचा मुख्य प्रसंग. कॅनडात तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार जाहीर केला होता. चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने ठरला. १६२१ मध्ये अमेरिकेतील प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकरी व तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक सुगीनंतर एकत्र जेवले, त्याच्याशी या सणाचे नाते जोडतात. आजची सजावट मात्र त्या जेवणातून आली असे मानायला आधार नाही.

मांडणी साधी असते. टेबलभर कापड न घालता मधोमध तपकिरी कागदाची किंवा गोणपाटाची पट्टी अंथरतात आणि तिच्यावर लहान भोपळे, शोभेचे कडू भोपळे, रंगीत दाण्यांची मक्याची कणसे, मेपलची पाने, पाइनचे शंकू असे जमेल ते ठेवतात. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून सजावट वीतभरापेक्षा फारशी उंच करत नाहीत. मेणबत्त्या बिनवासाच्या बऱ्या, नाहीतर सूपला व्हॅनिलाचा वास येतो.

खरे कौशल्य मांडणीत नाही, जिन्नस ओळखण्यात आहे. हरितद्रव्य ओसरल्यावर पानातले पिवळे रंग उघडे पडतात. मेपलचा लाल रंग मात्र त्याच सुमारास नव्याने तयार होतो. तोडलेले पान उबदार खोलीत एक-दोन दिवसांतच कडांकडून वळते. म्हणून ते जाड पुस्तकात दाबतात किंवा वितळलेल्या मेणात बुडवून काढतात. पाइनचा शंकू ओला असताना मिटतो आणि सुकल्यावर उमलतो. त्याचा चीक कापडाला लागला तर सहज निघत नाही. ओकच्या टोपीवाल्या फळांत पुष्कळदा सोंडकिड्याची अळी असते. ती कवचाला गोल भोक पाडून बाहेर येते आणि जेवण चालू असताना थेट ताटाकडे निघते. हे टाळण्यासाठी फळे आधी मंद ओव्हनमध्ये तासभर तापवून घेतात. न कापलेला भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने टिकतो. कोरलेल्याला आठवड्याभरात बुरशी येते.

बिटरस्वीट या वेलीची नारिंगी-लाल फळे टेबलावर फार खुलतात, पण ती विषारी आहेत. लहान मुले असतील तेथे ती नकोच. पूर्व आशियातून आलेली तिची जात अमेरिकेत जंगलभर पसरून झाडे गुदमरवते. फळांसकट कचऱ्यात टाकलेल्या माळांमधूनही ती रुजते, आणि अनेक राज्यांत तिच्या विक्रीला बंदी आहे. आपली मालकांगोणी याच वेलींच्या कुळातली.

तिकडच्या मराठी घरांत दसरा-कोजागिरी याच आठवड्यांत येतात, त्यामुळे भोपळ्यांशेजारी झेंडूही दिसतो. तो मूळचा मेक्सिकोकडचा, म्हणजे त्याच खंडातला. अंगणात तो पहिल्या कडक दहिवरापर्यंत फुलतो. सजावट उतरवल्यावर ‘शुगर’ जातीच्या लहान, गोड भोपळ्यांचे घारगे चांगले होतात. शोभेचे भोपळे मात्र स्वयंपाकात घेऊ नयेत. त्यांच्यातल्या कडू द्रव्याने उलट्या-जुलाब होतात.