बैठकीची उंची

आमच्या शिरपूरला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ लाइनवरचं नरडाणा हे जवळचं स्टेशन, तेही तापीच्या पलीकडे. त्यामुळे इथल्या माणसाला गाव सोडायचं म्हटलं की आधी वाहन बघावं लागतं. मुंबई-आग्रा रस्ता गावाला लागून. खाली धुळं, वर पळासनेर ओलांडलं की बिजासन घाट आणि पुढे मध्य प्रदेशातलं सेंधवा. या रस्त्यावर भाड्याने धावणाऱ्या गाड्यांच्या सीटा भरण्यात माझ्या वडलांचा जन्म गेला आणि माझाही जात आला. आमचं दुकान कुशनचं. कोणत्या गाडीत उंच माणूस नेमका कुठे अडतो, हे मी सीट उघडून पाहिलेलं आहे. आमच्या घरात सगळेच उंच, म्हणून ते पाहण्याची नजरही घरातूनच आली.

दमणी आणि छकड्याच्या काळात हा प्रश्न नव्हता. खाली कडबा, त्यावर गोधडी आणि पाय हवे तितके लांब. वर ताडपत्री असली तरी ती डोक्याला टोचत नाही. बैलगाडीत हाडं खिळखिळी होत, पण उंच आणि ठेंगणा यांच्यात भेद नव्हता. पाय खाली सोडून बसायची बैठक आली आणि गुडघ्याचा प्रश्न तिच्याबरोबर आला. मागे तोंड करून टांग्यात बसलेल्या माणसाचे पाय निदान मोकळे तरी असत. मोटारीत ते पुढच्या पाठीला टेकले.

स्टँडवरची मानाची गाडी म्हणजे अँबॅसिडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर पन्नासच्या दशकाच्या शेवटी ती बंगालात उत्तरपाड्याला तयार होऊ लागली आणि 2014 पर्यंत होत राहिली. लांबी 4.3 मीटर आणि टपाची उंची 1.6 मीटरच्या आसपास. ही उंची फार मोलाची. नवरदेव फेटा बांधून, मुंडावळ्या लावून आत बसला तरी मान वाकवावी लागत नसे, म्हणून लग्नाला हीच गाडी ‘स्पेशल’ करायची, असा इकडे रिवाजच होता. फियाट, म्हणजे पुढे जिला पद्मिनी नाव मिळालं ती, दिसायला सुबक. पण तिचं टप बुटकं. फेटेवाल्यांनी ती कधी मनापासून घेतली नाही.

अँबॅसिडरची सीट मी लहानपणी वडलांबरोबर उघडायचो. खाली तारेच्या गोल स्प्रिंगा, सुतळीने एकमेकींना आवळलेल्या. त्यांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर कापसाचा थर आणि सगळ्यांवर ताणून शिवलेलं रेक्झिन. काथ्या दबला की सीटला खळगा पडतो. मग ड्रायव्हर येणार आणि म्हणणार, फुगवून द्या, नवी दिसली पाहिजे. वडील हात आखडता घेत. काथ्या दोन बोटं वाढला की माणूस दोन बोटं वर जातो, टप मात्र जागचं हलत नाही. त्यांचं माप होतं मुठीचं. उंच माणसाला सरळ बसवायचं आणि त्याचं डोकं नि टप यांच्यामध्ये आपली बंद मूठ फिरवून बघायची. मूठ फिरली तर भरणं बरोबर. ते विचारायचे ते शब्द अजून कानात आहेत, “बठी देखा आप्पा, डोकं लागस का?”

पुढचं बाक सलग असे. ते सरकायचं तर अख्खं सरकायचं. ठेंगणा ड्रायव्हर असला की तो बाक पुढे ओढून घेई आणि शेजारच्या उंच गिऱ्हाइकाचे गुडघे डॅशबोर्डला लागत. पैसे मोजणाऱ्याने ड्रायव्हरच्या पायांच्या मापात बसायचं, ही भाड्याच्या गाडीची जुनी रीत मला कधी पटली नाही. काळी-पिवळी जीप तर याहून कठोर. मागे समोरासमोरची बाकडी, गुडघ्याला गुडघा. ‘सीट’ भरल्याशिवाय गाडी सुटायची नाही आणि सीट म्हणजे माणूस, त्याची उंची नव्हे. उंच पोरं फाळक्यावर लटकत, त्याचं एक कारण गर्दी आणि दुसरं त्यांच्या तंगड्या.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. इंजिन आडवं ठेवून जागा वाचवायची युक्ती इंग्लंडच्या मिनीने 1959 सालीच जगाला दाखवली होती. लहान गाडी म्हणजे कोंडवाडा, ही समजूत तिथून मोडायला लागली. पण 800 मध्ये युक्ती असूनही टप खाली होतं आणि सहा फुटी माणूस स्टिअरिंगभोवती घडी घालून बसे. अशा गिऱ्हाइकांसाठी मी सीटचे रूळ मागे घेऊन बसवले आहेत, फोम खालून कातरला आहे. पुढचा सुखी होई आणि मागच्याची जागा जाई. लहान गाडीत जागा नव्याने निर्माण होत नाही, कोणाची तरी काढून कोणाला तरी द्यावी लागते.

जागा निर्माण करायची एकच दिशा उरली होती, वर. ती जपानने शोधली. तिथे सर्वांत छोट्या मोटारींना करात सवलत, पण लांबी-रुंदीला कडक बंधन. 1990 च्या नियमात लांबी 3.3 मीटर आणि रुंदी 1.4 मीटर होती. उंचीची मर्यादा मात्र सैल. सुझुकीने 1993 मध्ये वॅगन आर काढली, टप उंच आणि सीटही उंच. माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसला की पाय खाली जातात, पुढे पसरत नाहीत. आपल्याकडे 1998 मध्ये सँट्रो आली, 1999 च्या अखेरीस वॅगन आर. साडेतीन मीटरची गाडी आणि उंची अँबॅसिडरहून जास्त! ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा वडील आत जाऊन बसले, डोक्यावर मूठ फिरवली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्याच सुमारास इंडिका आली. आतून अँबॅसिडरएवढी ऐसपैस आणि बाहेरून मारुतीच्या झेनएवढी गाडी करायची, असं रतन टाटांनी जाहीर सांगितलं होतं. डिझेलवर चालणारी म्हणून टॅक्सीवाल्यांनी ती उचलली आणि उंच गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच स्वस्त भाड्यात पाय ठेवायला जागा मिळाली. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाडीचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्के झालं, अट दोनच, लांबी 4 मीटरच्या आत आणि इंजिन लहान. उंचीला अट नव्हतीच. मग गाड्या आणखी वर चढल्या.

आता इथली पोरं इंजिनिअरिंग, फार्मसी करून परदेशी जातात. माझा भाचा जर्मनीत आहे, सव्वासहा फूट. आईवडलांना फिरवायला लहान गाडी भाड्याने घेणार होता. त्याचा फोन आला, “मामा, कोणती घेऊ?” तिकडे गाडी नावाने मिळत नाही, वर्गाने मिळते. पावतीवर एका गाडीचं नाव आणि पुढे ‘किंवा तत्सम’. तत्सम ठरवताना भाडं आणि आकार बघतात, बैठक कोणी बघत नाही. स्टँडवर आमच्याकडचं गिऱ्हाईक आधी बसून बघायचं आणि मग भाडं ठरवायचं. हा हक्क भाच्याने सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून त्याला सांगितलं. किल्ली घे, पण सही करण्याआधी गाडीत बस. सीट पूर्ण खाली आणि पूर्ण मागे घे, मग मूठ फिरव. टपाला काचेची खिडकी असलेली गाडी नको, तिची चौकट डोक्यावरची बोटभर जागा तरी खाते. स्टिअरिंग वर-खाली होऊन पुरत नाही, छातीकडेही ओढता आलं पाहिजे, नाहीतर पायांसाठी मागे गेलास की हात पुरणार नाहीत. होंडा जॅझसारखी गाडी मिळाली तर मागची सीट आधी बघ. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे मागे जागा भरपूर. पण पुढची सीट फार खाली नेता येत नाही, तेव्हा चालवणाऱ्याने स्वतः बसूनच ठरवावं. आणि स्वतःची सीट लावून झाली की तिच्याच मागे बापाला बसव. तोही सहा फुटांचा आहे. त्याचे गुडघे टेकले, तर काउंटरवरच दुसरी गाडी माग.